चाराला चाळीस

जून महिन्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला ड्रेनेजची नवी लाईन टाकायचं काम चाललं होतं. सकाळी फिरून येताना मी चराच्या कडेला थांबलो. अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये प्लंबर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. निवृत्त झालो तरी उघडा चर दिसला की पाय थांबतातच.

चरात एक माणूस गुडघ्यावर बसला होता. पंचेचाळिशीचा असेल. हातात पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. नळीचं दुसरं टोक वीसेक फुटांवर एका पोऱ्याच्या हातात. दोन्हीकडचं पाणी हलायचं थांबेपर्यंत तो मुळीच हलला नाही. मग पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली, टेप खाली सोडून मोजलं आणि म्हणाला, “एक सूत उचल.” पोऱ्यानं पाईपखालची वीट सरकवली. “अजून. बास, बास. राहू दे.”

“किती ढाळ धरलाय?” मी वरून विचारलं.

त्यानं मान वर केली. “चाराला चाळीस, साहेब.”

हे ऐकून मी तिथंच उभा राहिलो. चार इंची पाईपला चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. पुस्तकात याला मॅग्वायरचा नियम म्हणतात. दरवर्षी जुलैच्या सुमाराला मी तो फळ्यावर लिहायचो आणि दरवर्षी चोवीसातली निम्मी मुलं परीक्षेपुरती पाठ करून विसरायची. ढाळ कमी पडला तर मैला बसतो, हे कुणालाही पटतं. ढाळ जास्त झाला तरी मैलाच बसतो, कारण पाणी पुढे पळून जातं आणि घट्ट ते मागे राहतं, हे पटवायला मात्र फार वेळ लागायचा. आताचे पीव्हीसी पाईप गुळगुळीत असतात आणि इमारत संहिता १०० मिलिमीटरच्या पाईपला ५७ मध्ये १ एवढा कमी ढाळही चालवून घेते. तरी माझा जुन्या हिशेबावर जास्त भरवसा आहे.

“कुठं शिकलास हे?”

“उस्तादांकडं. चाराला चाळीस, सहाला साठ, नवाला नव्वद. तोंडपाठ करून घेतलं होतं त्यांनी. चुकलं की चर पुन्हा खणायला लावायचे.”

तो मूळचा औसा तालुक्यातला. आठवी पास झाला, नववीत शाळा सुटली, पुण्यात मामाकडे आला आणि मामानं त्याला उस्तादांच्या हाताखाली लावलं. आधी पाईप वाहायचे, मग चर खणायचे, मग व्हाइसवर, म्हणजे पाईप पकडणाऱ्या शिकंज्यावर, पाईप धरायचा. आटे पाडायला मिळाले ते तिसऱ्या वर्षी. आज या परिसरातल्या निम्म्याअधिक इमारतींचे नळ त्याच्या हाताखालून गेलेत. दोन मुलं त्याच्या हाताखाली शिकतात. आणि त्याच्याकडे परवाना नाही.

आमच्या लाईनच्या कागदांवर परवानाधारक प्लंबर म्हणून ज्याची सही होती, तो गृहस्थ चराजवळ एकदाही आला नाही. सहीचे पैसे वेगळे, आधी द्यायचे. काम पूर्ण झाल्याचा दाखलाही त्याच्याच नावानं. उद्या सांधा गळला तर जबाबदार कोण? कागदावर ज्यानं काम पाहिलंही नाही तो, आणि प्रत्यक्षात ज्याचं नाव कुठेच नाही तो. दोघंही सापडणार नाहीत. याला आमच्या धंद्यात ‘सहीवर काम’ म्हणतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, इतकं ते रुळलंय.

मला ते आता वावगं वाटतं. नोकरीत असताना तेवढं वाटत नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे.

परवाना ही फुकाची कटकट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मुंबईत विहार तलावाचं पाणी नळानं आलं १८६० मध्ये. पुढे तुळशीचं १८७९ मध्ये, तानसाचं १८९२ मध्ये. विहिरीतून शेंदून आणायचं तोवर पाणी ज्याचं त्याचं होतं. ते एका मोठ्या वाहिनीतून घराघरांत जायला लागलं, तशी एका घरच्या सांध्यातली चूक शेजारच्या घरातल्या लेकराच्या पोटात जायला लागली. म्हणून तर १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात परवानाधारक प्लंबर आहे, आणि इतर महापालिकांसाठी केलेल्या १९४९ च्या कायद्यातही आहे. घरमालकानं कुणालाही बोलवावं आणि सार्वजनिक लाईनला भोक पाडावं, हे चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो अर्थ आजही खराच आहे.

किंबहुना आपल्याकडे तो जास्तच खरा आहे. आपल्या बहुतेक गावांत पाणी ठरलेल्या वेळेला येतं. पाणी चालू असतं तेव्हा पाईपमध्ये दाब असतो. सांधा गळका असला तर आतलं पाणी बाहेर जातं, वाया जातं, पण दूषित होत नाही. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होत जातो, आत ओढ तयार होते आणि त्याच सांध्यातून बाहेरचं पाणी आत येतं. पाईप गटाराच्या कडेनं नेलेला असेल तर गटार आत येतं. त्यात कुणी नळाच्या लाईनलाच मोटर जोडली की ती ओढ कितीतरी पटीनं वाढते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली ती पाण्यातूनच. २०२५ च्या जानेवारीत आमच्या पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही पहिली बोटं पाण्याकडेच वळली. त्यात प्लंबरची चूक होती असं मी म्हणत नाही. पण भिंतीतला एकेक सांधा कुणी केला, हे कुठेतरी नोंदलेलं असावं, असं मला त्या दिवसांत फार तीव्रतेनं वाटायचं. रोज सकाळी पेपर उघडला की वाटायचं.

म्हणून परवाना हवा, आणि त्याची परीक्षा कडकच हवी. तिथं सूट नको. माझं म्हणणं त्या परीक्षेपर्यंत पोचायच्या वाटेबद्दल आहे. ती वाट आपण इतकी अरुंद ठेवलीय की ज्यांना काम येतं तेच बाहेर उभे आहेत.

आयटीआय हा हमरस्ता. १९५० मध्ये केंद्र सरकारनं कारागीर प्रशिक्षण योजना आणली, तिच्यातून या संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात आज ४०० हून जास्त सरकारी आयटीआय आहेत. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा. दहावी पास व्हायची अट नाही, पण किमान आठवी लागते. गरिबाघरच्या मुलाला एवढ्या कमी खर्चात हाताला कसब देणारी दुसरी व्यवस्था आपल्याकडे नाही, आणि माझं आयुष्य तिच्यात गेलं याचा मला अभिमान आहे. माझी मुलं आज कुठं कुठं आहेत! एक रत्नागिरीला हॉटेलच्या कामावर देखरेख करतो. एक मुलगी (त्या तुकडीत मुली फक्त तीन होत्या) नगर परिषदेच्या पाणीपुरवठ्यात आहे, आणि तिच्या भागातला व्हॉल्व्ह कधी नि किती फिरवायचा हे तिला विचारल्याशिवाय कुणी फिरवत नाही.

पण ही वाट सतरा-अठरा वर्षांच्या, घरात कुणीतरी कमावतं आहे अशा मुलासाठी आहे. रोज सकाळी हजेरी, दिवसभर वर्कशॉप, असं वर्षभर. पस्तिशीतला माणूस, दोन मुलं शाळेत, रोज काम केलं तर रोज पैसे. तो वर्षभर मजुरी सोडून कुठून येणार?

असा एकजण माझ्याकडे आला होता. नोकरीच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी. प्रवेशाचे दिवस होते. तिशीचा, पँटच्या खिशात टेप, नखांत सांध्यांना लावायचा सफेदा बसलेला. “साहेब, मला काम सगळं येतंय, मला फक्त कागद पाहिजे. रात्रीचं शिकवत असाल तर येतो. रविवारी येतो.” मी शिक्षण विचारलं. चौथी. मी नियम सांगितला आणि पुढच्या मुलाचा अर्ज हातात घेतला. माझा आवाज चढला नव्हता, मी त्याला तोडून काही बोललो नाही. पण त्याला वर्कशॉपमध्ये नेऊन, “बाबा, एक सांधा करून दाखव बरं,” असं म्हणायला पाच मिनिटं लागली असती, आणि ती मी दिली नाहीत. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. त्याचा चेहरा मात्र लख्ख आठवतो, आणि तो निघून गेला तेव्हा दारात थांबून त्यानं आमच्या व्हाइसच्या रांगेकडे जे बघितलं, ते आठवतं.

अलीकडच्या काळात दुसऱ्या वाटा निघाल्यात. खरं तर काही पूर्वीपासूनच होत्या. मुंबईत १९६७ मध्ये देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं, गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांसाठी, त्यांच्या वेळेला, त्यांच्या वस्तीत. पुढे त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं. निरक्षर, अर्धवट शाळा सोडलेली माणसं डोळ्यांपुढे ठेवून कुणीतरी पहिल्यापासून विचार केला होता, हे मला फार मोलाचं वाटतं. विद्यापीठ हा शब्द त्यांनी श्रमिकाला जोडला, यातच किती आदर आहे!

आणि पाबळ. शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते; ते सोडून इथं आले. शाळेत न रमलेल्या मुलांनी हातानं काम करत शिकायचं, आणि ते काम सरावापुरतं करायचं नाही, गावातल्या माणसाला खरोखर लागणारं करायचं. मी आमच्या मुलांना एकदा तिथं घेऊन गेलो होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये मुलं सांधा जोडतात, मी मार्क देतो, मग दुसरी तुकडी तो सांधा उकलते. त्या सांध्यातून पाणी कधी वाहतच नाही. पाबळच्या मुलांनी केलेलं काम कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी शेतावर असतं; बिघडलं तर तो माणूस दारात येतो. परतीच्या एसटीत मी हाच विचार करत होतो, की आम्ही मुलांना सगळं शिकवतो आणि नेमकी ही भीती शिकवायची राहून जाते.

उस्तादांकडे ती भीती पहिल्या दिवसापासून असते. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यात पट्टामुंडई म्हणून भाग आहे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या साईटवर जाऊन प्लंबरला गाव विचारा, दहांतले कितीतरी तिकडचे निघतील. गेल्या शतकात तिथली माणसं कोलकात्यात इंग्रजी कंपन्यांच्या हाताखाली हे काम शिकली आणि मग बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे ते देशभर गेलं. कोणतीही शाळा नसताना! आता पट्टामुंडईलाच सरकारनं प्लंबिंगची संस्था काढलीय. माणसं आधी शिकली, शाळा त्यांच्यामागून आली.

तर अशा, कामातच शिकलेल्या माणसांसाठी २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत एक सोय आहे, ‘रिकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’. आम्ही नुसतं आरपीएल म्हणतो. तुला जे येतंय ते आम्ही तपासतो आणि प्रमाणपत्र देतो, असा तिचा गाभा. कल्पना इतकी चांगली की मी निवृत्तीनंतर उत्साहानं दोन-तीन ठिकाणी गेलो. एके ठिकाणी फार समाधान वाटलं. दुसऱ्या ठिकाणी जे बघितलं त्यानं वाईट वाटलं. साईटवरच्या चाळीस माणसांना एका खोलीत बसवलं, टोप्या वाटल्या, फोटो काढले. सॉल्व्हंट सिमेंट लावून सीपीव्हीसी या प्लास्टिक पाईपचा एक तुकडा फिटिंगमध्ये सरकवला की झालं प्रॅक्टिकल. जोडल्यावर काही सेकंद दाबून धरायचा असतो, नाहीतर पाईप हळूच मागे सरकतो. तेवढंही कुणी पाहिलं नाही. वीस वर्षं काम केलेला माणूस आणि मागच्या महिन्यात बिगारी म्हणून लागलेला पोरगा, दोघांना सारखाच कागद मिळाला. त्या वीस वर्षंवाल्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला, मला म्हणाला, “ह्याचा काय उपयोग, सर? पालिकेत विचारतात आयटीआय आहे का.”

त्याचं खरं होतं. परवाना देणार पालिका, आणि प्रत्येक पालिकेचा परवाना वेगळा. नदीच्या या तीरावरचा पलीकडे चालत नाही. प्रमाणपत्र केंद्राच्या योजनेचं, हमरस्ता राज्याच्या संस्थेचा, आणि दार तिसऱ्याच्याच हातात. नव्या वाटा पुष्कळ काढल्या, पण त्या दारापर्यंत आणून सोडल्याच नाहीत.

यात आमच्या आयटीआयच्या मुलांचीही एक तक्रार असते, आणि ती मी टाळणार नाही. “सर, आम्ही वर्ष घातलं. आणि हे दोन दिवसांत आमच्या बरोबरीला?” बरोबर आहे त्यांचं, परीक्षा जर त्या टोप्या वाटणाऱ्या खोलीतली असेल तर. परीक्षा खरी असेल, तर मात्र कोण कुठून आला यानं काय फरक पडतो? उलट माझ्या मुलांपैकी कित्येकांना पास झाल्यावर पहिली दोन वर्षं याच उस्ताद लोकांच्या हाताखाली घालवावी लागतात, तेव्हा कुठं हात बसतो.

मुंबईत गल्फला जाणाऱ्यांच्या ट्रेड टेस्ट होतात. एका माजी विद्यार्थ्याबरोबर मी एकदा गेलो होतो. मोठी शेड, एका बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्या, दुसऱ्या बाजूला आमचे लोक. हातात एक नकाशा, समोर पाईप, फिटिंग, वेळ ठरलेली. बनवा. पूर्ण झालं की पाणी भरायचं, हातपंपानं दाब चढवायचा आणि काटा बघत थांबायचं. काटा उतरला की घरी. तुझं शिक्षण काय, वय काय, कुणाचा कोण, तिथं कुणी विचारत नव्हतं. सौदी सरकारनं २०२१ पासून कामगारांचं कौशल्य तपासायचा रीतसर कार्यक्रम सुरू केला आणि भारतात जे पहिले ट्रेड त्यात घेतले, त्यांत प्लंबर आहे. समुद्रापलीकडचा मालक आमच्या माणसाचे हात बघून त्याला नेतो. आणि ज्या गावाच्या भिंतीभिंतीत त्याचे पाईप आहेत, ते गाव त्याला कागद विचारतं. ही गोष्ट मला त्या शेडमध्ये उभ्या उभ्या लागली, आणि अजून लागते.

मला विचाराल तर प्रत्येक महापालिकेनं, नाहीतर सगळ्यांनी मिळून, वर्षातून दोनदा प्रॅक्टिकल घ्यावं. जवळच्या आयटीआयचं वर्कशॉप रविवारी रिकामंच असतं. दिवसभराची परीक्षा. नकाशा वाच, पाईप काप, जोड, दाबाला टिकव. ढाळ काढून दाखव. एक मुद्दाम चुकीची जोडणी समोर ठेवायची, जिथं टाकीचं पाणी उलटं लाईनमध्ये शिरेल अशी, आणि विचारायचं, यात धोका कुठं आहे? तोंडी परीक्षा त्याच्या भाषेत, मराठी असो की हिंदी. नापास झाला तर कुठं चुकलं ते सांगायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचं. आणि पास झाला तर त्याचा परवाना राज्यभर चालायला हवा. तू आयटीआयला शिकलास, पाबळला, जन शिक्षण संस्थानात की मामाच्या हाताखाली, हा प्रश्न अर्जात असूच नये.

तोवर जी वाट आहे तिनंच जायचं. आयटीआयची अखिल भारतीय परीक्षा बाहेरून देता येते, खासगी उमेदवार म्हणून. त्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ही सोय किती जणांना माहीत आहे? माझ्या चराजवळच्या माणसाला नव्हती. मी सांगितली तेव्हा त्यानं तीनदा विचारलं, “म्हणजे कामावर जाऊन? रजा न घेता?” त्याची आठवी पास होती म्हणून मार्ग निघाला. चौथीवाल्याला आधी मुक्त विद्यालयातून आठवीची पातळी गाठावी लागेल. तेही जमतं, मी दोघांना अर्ज भरून दिलेत. पण लांबचा वळसा आहे.

अनुभवाच्या दाखल्यासाठी आमचे तीन आठवडे गेले. पंचवीस वर्षं काम केलं, पण ‘हा आमच्याकडे होता’ असं लेखी द्यायला कुणी तयार नाही. कारण लेखी दिलं की प्रश्न येतो, परवाना नसताना ठेवलाच कसा? शेवटी एका वयस्क ठेकेदारानं दिला. सही करताना म्हणाले, “याच्यावर मी माझं स्वतःचं घर सोपवलं होतं. द्यायलाच पाहिजे.”

मग मी त्याला एका शनिवारी माझ्या जुन्या वर्कशॉपमध्ये नेलं. आता तिथं माझाच एक विद्यार्थी निदेशक आहे. त्यानं मुलांना गोल उभं केलं आणि याला म्हणाला, “काका, यांना आटे पाडून दाखवता का?” सगळीकडे प्लास्टिकचे पाईप आल्यापासून जीआयला, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपला, आटे पाडणं मुलांना कंटाळवाणं वाटतं. यानं अर्धा इंची पाईप व्हाइसला लावला. कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला, आतली धार कानशीनं काढली. डाय चढवली, पहिले दोन फेरे तळहातानं दाबून, मग दांड्याला हात. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, की कीस तुटून पडतो. तेल. पुन्हा अर्धा पुढे. तो बोलत काहीच नव्हता. वर्कशॉपमध्ये फक्त ती कुरकुर ऐकू येत होती, आणि मागे घेताना होणारा बारीक कट्ट आवाज. डाय काढल्यावर त्यानं आट्यांवर फुंकर मारली आणि एका मुलाच्या हातात पाईप दिला. “मोज.” मुलानं पट्टी लावून मोजले. अर्ध्या आणि पाऊण इंचीला इंचात १४ आटे, एक इंचीपासून पुढे ११; पुस्तकात आहे. मुलानं चौदा मोजले आणि मान वर करून त्याच्याकडे असं बघितलं की मला गलबलून आलं.

मग सुतळी. तिचे तंतू सुटे करून आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायचे, उलट नाही, नाहीतर फिटिंग चढताना ते मागे ढकलले जातात. वरून सफेदा. त्यानं एका मुलाला मुद्दाम उलट गुंडाळायला लावलं आणि काय होतं ते दाखवलं. अशी शिकवायची रीत मला अठ्ठावीस वर्षांत सुचली नव्हती.

त्याची खरी अडचण वेगळीच निघाली. नकाशा. भिंतीच्या आत पाईप कसा जातो ते त्याला डोळे मिटून दिसतं, पण तेच कागदावर रेघांनी काढलं की त्याला परकं होतं. प्रॅक्टिकलचा जॉब नकाशावरूनच करायचा असतो. म्हणून आम्ही रोज रात्री नऊनंतर माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायला लागलो. तो काम संपवून, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून यायचा. हिनं चहा ठेवला की आधी नको म्हणायचा, मग घ्यायचा. एल्बोची खूण, टीची खूण, व्हॉल्व्हची खूण. वरून बघितलं तर कसं, समोरून बघितलं तर कसं. पहिल्या आठवड्यात त्यानं पेन्सिल इतकी घट्ट धरली की टोक तुटायचं. दुसऱ्या आठवड्यात मी युक्ती बदलली. मी काढायचं बंद केलं आणि म्हणालो, तू जे रोज करतोस ते मला काढून दाखव. जसं दिसतं तसं.

काल त्यानं न्हाणी ट्रॅप काढला. इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही हा ‘नहाणी ट्रॅप’च असतो, आपल्या न्हाणीघरातला शब्द तिथं जाऊन बसलाय, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली. आधी फरशीची रेघ, जाळी, मग वाटी, मग बाजूनं निघणारं तोंड. मी म्हटलं, पाण्याची पातळी दाखव. त्यानं आडवी रेघ मारली आणि बाजूला नीट लिहिलं, ‘५० मिमी’. एवढं पाणी कायम उभं राहिलं पाहिजे म्हणजे खालचा वास वर येत नाही. सगळं बरोबर होतं. मी मार्क द्यायला पेन उचलणार, तेवढ्यात त्यानं पुन्हा पेन्सिल घेतली आणि जाळीच्या खाली, वाटीच्या काठाशी, एक गुंतवळ काढलं.

“हे काय?”

“केस, सर. इथंच अडकतेत. लोक रॉड घालून पार खालची लाईन ढोसतेत, आणि असतंय ते इथं, हाताच्या अंतरावर.”

पुस्तकातल्या एकाही आकृतीत ते नव्हतं. मी खोडरबर हातात घेतला होता, तो खाली ठेवला.